दाराच्या आतली नोंद

दसऱ्याला केंद्रातली यंत्रं धुऊनपुसून पुजायची, हा आमच्याकडचा शिरस्ता. त्या दसऱ्याला मी जरा जास्तच पुसलं.

मी यंत्रदुरुस्तीची तंत्रज्ञ. पुसद, बोरी अरब आणि ढाणकी इथल्या तीन कृषी संशोधन केंद्रांच्या दुरुस्तीच्या नोंदी एकाच नमुन्यात संगणकावर आणायचं काम माझ्याकडे नव्यानंच आलं होतं. नोंदवह्या उघडल्या तर कोऱ्या करकरीत! पुसदला बियाण्याच्या थंड कपाटांच्या दारांवर, आतल्या बाजूनं, पेन्सिलीच्या खरडी तेवढ्या होत्या: 'पोळ्याच्या करीले', म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, 'होळीले परत'. मला वाटलं, कुणाचा तरी चाळा. मजूर बायांना म्हटलं, आतूनही लख्ख पुसा. हळदीकुंकवाची बोटं उठली, नारळ फुटला आणि मी माझ्यावरच खूश.

चौथ्या दिवशी मोठं कपाट थंड होईना. आत गावोगावहून जमवलेल्या जुन्या देशी कापसाची सरकी होती. त्यातले काही वाण शेतातून केव्हाच गेलेले. मूठभर बी उरलं होतं ते याच कपाटात. मला बिघाड सापडेना आणि कंपनीचा दुरुस्तीवाला आठवडाभर तरी येणार नव्हता. तेव्हा एक बाई चाचरत म्हणाली, "म्याडम, कवा काय बिघडलं ते मिस्तरी त्या दारावरच लिहून ठेवे. तुमीच तं पुसाले लावलं." करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मिस्तरी म्हणजे एस.टी.नं फिरून तिन्ही केंद्रं सांभाळणारे, आता घरी बसलेले गृहस्थ. त्यांचा तांडा जवळच होता. मी तशीच गेले आणि उंबऱ्यातच सगळं कबूल केलं.

"आतून पुसलं काहून, बाई?" ते खेकसले. नोंदवही साहेबांच्या कुलपात असायची, म्हणून ज्याचं दुखणं त्याच्याच दारावर ते लिहीत. मग त्यांनी डोळे मिटले. "मोठं कपाट ना? मशीन चालू करते तो रिले गेला असंन. बोरीवाल्याचाबी असाच गेलता. तवा दोन आणले होते. एक ढाणकीच्या कपाटामांगं डब्यात हाय."

ढाणकीला फोन केला. डबा होता, डब्यात रिले होता. दुपारच्या एस.टी.च्या ड्रायव्हरनं तो आणून दिला. मी बसवला आणि तापमानाचा काटा खाली उतरू लागला तशी चक्क रडले.

पुढचे कितीतरी रविवार मी तांड्यावर मिस्तरीकाकांकडे गेले. काकू चहा ठेवायच्या, काका सणांवरून सांगायचे, मी कॅलेंडर काढून तारखा लावायची. बोरी आणि ढाणकीची दारं नशिबानं शाबूत होती. तिन्हीकडचं एकत्र मांडलं, तेव्हा कुठला भाग कुठं वारंवार जातो ते एका नजरेत दिसू लागलं. माझ्या शिक्षणानं मला जे दिलं नाही, ते त्या माणसानं चहासोबत दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

छापून काढलेल्या या नोंदींच्या पहिल्या पानावर मी लिहिलं होतं: 'पुसदच्या मूळ नोंदी माझ्या चुकीनं पुसल्या गेल्या.' ते त्यांना वाचून दाखवलं.

"हे खोड, बेटी," ते म्हणाले. "सा वर्सं झाली घरी बसून. तू पुसलं नसतं, तं मले इचाराले कोन आलं असतं?"

मी ते वाक्य खोडलं नाही. खाली एक ओळ वाढवली, 'नोंदी सांगणारे', आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली आणि सावकाश आपलं नाव लिहिलं.