कारलं आणि काळोखी रूप

बायकोच्या लॅपटॉपवर एक वेबसाइट आपोआप उघडली, पांढरीशुभ्र. बघता बघता ती काळी झाली. कुणाचा हातही लागला नव्हता.

"अगं, बिघडला का हा?"

"चाचणी चालू आहे. प्रोग्राम ब्राउझरला सांगतो, समोरच्याला काळोखी रूप, म्हणजे डार्क मोड, आवडतं असं समज. वेबसाइटने निमूट रूप बदललं, की पास."

समोर कुणी नाही, आवडही कुणाची नाही, तरी ती बिचारी रंग बदलत होती. मला एकदम जवळची वाटली. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी वाढलेलं कारलं बघून मीही म्हणालो होतो, "वा, माझी आवडती भाजी!" पहिल्या पंगतीला असं कोण म्हणत नाही?

"चाचणी संपल्यावर काय करतेस?"

"खोटी आवड लगेच काढून टाकते. राहिली तर पुढे सगळे तीच खरी धरून चालतात."

तेवढ्यात मुक्कामाला आलेल्या सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "जावईबापू, या जेवायला! तुमच्यासाठी मुद्दाम भरली कारली केलीत."

मी उठलो आणि चेहरा उजळ केला.

मागून बायको म्हणाली, "पास."