दाऊदचाचांचे उंबरे

तयार झालेली प्रत्येक चौकट दाऊदचाचा कारखान्याच्या आवारात उभी करून घेत आणि बिस्मिल्ला म्हणत, उजवं पाऊल आधी टाकून तिच्यातून पलीकडे जात. अलीकडे वाळू, पलीकडेही वाळूच. जेद्दाबाहेरच्या त्या कारखान्यात सगळे हसायचे. मीही हसायचो.

चाचा दापोलीकडचे सुतार. मीही त्याच बाजूचा, कारखान्यात खरेदी बघायचो. युद्धानं उद्ध्वस्त झालेल्या येमेनमधल्या शाळा सौदी मदतीतून पुन्हा बांधल्या जात होत्या, त्यांची दारं आमच्याकडे होत. नकाशात चौकटीला उंबरा नव्हता. चाचांनी तो स्वतःच्या अकलेनं बसवला.

"गाववाले, उंबऱ्याबिगर दार म्हंजे नुसता रस्ता. पोरांना कळायला नको काय, आपण आत आलो म्हणून?"

त्यांना बायको नव्हती, मूल नव्हतं. गावचं घर कित्येक वर्षं बंद. ईदला बाकीचे घरी फोन लावत, तेव्हा चाचा रंध्याच्या पात्याला धार लावत बसत. "लाकूड बोलतंय की माझ्याशी," म्हणायचे. ते काही खरं नव्हतं. मला फार वाईट वाटे.

मग परदेशी कामगारांच्या जागी स्थानिक घ्यायच्या सौदीकरणात चाचांची जागा गेली. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वाढवणार नाही, असं कफिलानं, म्हणजे तिथल्या जामीनदार मालकानं, सांगून टाकलं. त्याच आठवड्यात माल तपासायला आलेला येमेनी इंजिनिअर उंबरे बघून थबकला. सुरुंगात पाय गेलेली मुलं या शाळांत येणार होती. त्यांच्या चाकांच्या खुर्च्या दारातच अडल्या असत्या. चाचांना हे सांगितलं, तर त्यांनी लगेच करवत उचलली.

"जाऊ द्या चाचा, नवी माणसं कापतील," मी म्हणालो.

"पोरांची वाट अडवली मी, नि कापणार दुसरा? शोभतं काय मला?"

सामान बांधायचं सोडून त्यांनी सगळे उंबरे कापले, कापल्या जागी रंधा मारला. प्रवासात चौकट वाकू नये म्हणून तळाशी, बसवल्यावर काढून टाकता येईल अशी, पट्टी ठोकली. शेवटची चौकट ट्रकवर चढली आणि चाचा विमानतळाकडे निघाले. पोचवायला मी एकटाच होतो.

गावाहून ते दर शुक्रवारी नमाजानंतर फोन करत. विचारत एकच, "खुर्ची गेली काय हो आत?"

अखेर इंजिनिअरनं फोटो पाठवला. त्यात एक मुलगी स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत वर्गात शिरत होती. मी लगेच चाचांना फोन लावून सांगितलं.

फोनवर त्यांच्या घरातला दुसरा कसलाच आवाज येत नव्हता. चाचा म्हणाले, "बरं झालं, गाववाले. माझ्या दारातनं कोणतरी आत आलं."