सासऱ्यांच्या कंबरेचं पिस्तूल

माझे सासरे नागपूरला पेट्रोल पंप चालवायचे आणि कंबरेला परवान्याचं छोटं पिस्तूल लावायचे. रोज रोकड घेऊन बँकेत जावं लागे, म्हणून. सफारीचा शर्ट जरा सैल शिवला की बाहेरून काही कळत नसे. ते त्यांनी कोणावर कधी झाडलं नाही. पण दर रविवारी जेवण झालं की वर्तमानपत्र पसरून ते उघडायचे, नळीतून कपडा फिरवायचे, तेलाचे थेंब सोडायचे आणि जोडून पुन्हा कंबरेला लावायचे. माझ्या लग्नाच्या बोलणीच्या वेळीही ते तिथेच होतं, हे मला फार नंतर कळलं.

इंग्लंडमध्ये साउथहॅम्प्टनला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा ते पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करून आले. पहिल्या रविवारी त्यांनी वर्तमानपत्र पसरलं आणि नुसतेच बसले. मग माझं शिलाई मशीन उघडलं. पुढच्या रविवारी व्हॅक्यूम क्लीनर.

शेजारी बंदरावरून रिटायर झालेले एक इंग्रज आजोबा राहायचे. त्यांच्या शेडमध्ये छर्ऱ्यांचं एक जुनं पिस्तूल गंजत पडलं होतं. बागेत डबे टिपायला त्याला परवाना लागत नसे; रस्त्यावर न्यायला मात्र बंदी होती. कुंपणावरून दोघांचं जमलं. सासऱ्यांचं इंग्रजी पंपापुरतं होतं, पण तेवढं पुरलं.

त्यांनी गंज घासून काढला, स्प्रिंग बदलली. संधिवातामुळे आजोबांची बोटं मुठीवर नीट बसत नव्हती. मग मोडक्या खुर्चीच्या लाकडातून सासऱ्यांनी जाड मूठ कोरली. आजोबांना धरायला लावायचं, पेन्सिलीने खूण करायची, कानशीने घासायचं.

एका शनिवारी मूठ बसली. सासरे शेवटचं तेल देत होते, तेव्हा मी हाक मारली, "बाबा, शॉपिंगला जायचंय." ते आले.

सुपरमार्केटमध्ये बटाटे घ्यायला ते वाकले आणि स्वेटर वर सरकला. नवं लाकूड छान चमकत होतं.

"बाबा," मी हळूच म्हटलं, "स्वेटर खाली ओढा."

त्यांनी ओढला. हात कंबरेवर गेला आणि तिथेच राहिला.

"हे कधी लावलं तुम्ही?"

"लावलं नाही. लागलं," ते म्हणाले.

बास्केट तिथेच ठेवून आम्ही बाहेर निघालो. दारावरच्या सिक्युरिटीवाल्याने अदबीने दार धरलं. सासरे त्याला "थँक्यू" म्हणाले.

पिस्तुलात छर्रा नव्हता. ते डिकीत ठेवून आम्ही गाडीत बसलो.

"यासाठी इथे आत टाकतात?"

"टाकू शकतात."

"आणि तुझी हॉस्पिटलची नोकरी?"

मी गाडी सुरू केली.

"तुझी सासू म्हणायची, एक दिवस विसराल. मी म्हणायचो, विसरीन कसा, वजन असतं त्याला." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "वजन जाणवलंच नाही."

आजोबांना त्यांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. आजोबांनी चहा केला, पिस्तूल ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि कुलूप लावलं.

तेव्हापासून कुठेही निघताना सासरे दारात दोन्ही हात वर करून उभे राहायचे आणि मी त्यांची कंबर चाचपून बघायचे. नवरा एकदा म्हणाला, हे जरा अति होतंय.

"तू गप बस," सासरे म्हणाले. "तिला बघू दे."