राळ भरलेली सायकल

जामसंड्याच्या लवूला फट दिसली आणि त्याने ती बुजवली नाही, असं कधी झालं नाही. त्याचा आजा होड्या बांधायचा, बाप होड्या बांधायचा आणि लवूनेही उभी हयात देवगडच्या बंदरात तेच केलं. फळ्यांच्या सांध्यात कापसाची वात ठोसायची, वर तेलात कढवलेली राळ ओतायची, की समुद्राची बिशाद नाही आत यायची. पुढे फायबरच्या होड्या आल्या. त्यांना सांधाच नसतो, त्यामुळे लवूला कामही नसतं. मग तो घरातल्या फटी शोधायला लागला. दार झालं, खिडकी झाली, पाण्याची टाकी झाली. एकदा कुकरची वाफ जाते म्हणून त्याने शिट्टीत राळ भरली. भात शिजला, पण तो छपराला चिकटलेला सापडला. बायकोने, म्हणजे सुगंधाने, त्या दिवसापासून राळेचा डबा गोठ्यात नेऊन ठेवला.

अशा माणसाच्या पडवीत जावयाने आपली सायकल आणून ठेवली होती. जावई कौस्तुभ पुण्याचा. लवूच्या तन्वीने स्वतः पसंत केलेला, मुलगा गुणी, पण लवूला त्याच्याशी बोलायचं म्हणजे घाम फुटायचा. घरात मालवणी बोलणारा, गावच्या पोराटोरांना ‘झिला’, म्हणजे ‘मुला’, अशी हाक मारणारा हा गडी जावयासमोर आला की तहसीलदार कचेरीतलं मराठी काढायचा. “आपला प्रवास सुखाचा झाला ना?” असं विचारून गप्प बसायचा. पुण्याच्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून कौस्तुभने दिवाळीत गाडीच्या टपावरून ती माउंटन बाईक आणली आणि ठेवू का म्हणून विचारलं. लवू म्हणाला, “अवश्य. आमच्याकडून त्या वस्तूला बोटही लागणार नाही.”

बोट नाहीच लावलं. पाचव्या दिवशी बूडच टेकलं.

आता रोज पहाटे सुगंधा चूल पेटवायच्या आत लवू सायकलवर बसून बंदरावर जायचा. होड्यांचं काम संपल्यापासून त्याला बंदरावर जायला निमित्तच उरलं नव्हतं. नुसतं चालत जाऊन उभं राहिलं की जुनी माणसं कीव करायची. सायकलवरून गेलं की कोणी कीव करत नाही, वाटेतून बाजूला होतात. जाड चाकांची, एवढाल्या गिअरांची ती सायकल जेटीवर टेकवून तो मासे उतरताना बघत बसायचा. त्या सायकलीवर त्याचा जीव जडला होता, इतका की तिला रात्री पोत्याने झाकायचा. पण मागायची कशी? जावयाला द्यायचं असतं, जावयाकडून घ्यायचं नसतं. सासऱ्याने जावयाकडे सायकल मागितली असं काशीबाईच्या कानावर गेलं असतं, तर कुणकेश्वरापर्यंत बोभाटा झाला असता. काशीबाई म्हणजे शेजारीण.

सायकलीचं नाव माउंटन, तेव्हा तिला डोंगर चालत असतील तर पायऱ्या का चालू नयेत, असा विचार करून एके दिवशी लवूने ती जेटीच्या पायऱ्यांवरून खाली उतरवली. उतरली. दुसऱ्या दिवशीही उतरली. आठवड्याभराने पुढचा ब्रेक दाबला की हँडलाखाली ‘टक’ असा आवाज यायला लागला. ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवली की हँडल आणि खालचा सांगाडा यांच्यामध्ये चांगली जाणवेल अशी ढील.

नेमका त्याच संध्याकाळी तन्वीचा फोन. तिला सुट्टी नव्हती, पण कौस्तुभ उद्या आंब्यांसाठी येणार होता, आणि “सायकल पण बघायची आहे त्याला.”

लवूची पाचावर धारण बसली. सायकल बिघडवली हे कळलं की जावई ती टपावर टाकून घेऊन जाणार, आणि आपण पुन्हा चालत बंदरावर.

सीटखालच्या पिशवीत ॲलन कीचा, वाकड्या षटकोनी किल्ल्यांचा, जुडगा होता. त्यातली एक हँडलाच्या माथ्यावरच्या बोल्टात बरोबर बसली. लवूने आवळलं. ढील तशीच. पुन्हा आवळलं, दातओठ खाऊन आवळलं. बोल्ट करकरला, पण ढील काही जाईना. हँडलातून खाली जाणाऱ्या दांडीला बाजूने पकडून धरणारे दोन बोल्ट होते, त्यांच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. तो वाकून फट बघत होता. आणि फट दिसल्यावर लवूचं डोकं चालत नाही, हात चालतात.

गोठ्यातून राळ आली. कापूस मिळेना म्हणून देवघरातून वाती आल्या. राळ कढवायला फोडणीची पळी आली. ब्रेकच्या वायरी तेवढ्या बाजूला करून त्याने हँडलाखालच्या फटीत वात ठोसली, राळ ओतली, पुन्हा वात, पुन्हा राळ. आजाने पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. राळ गार झाल्यावर ब्रेक दाबून सायकल हलवली. टक नाही, टुक नाही. लवू शांत झोपला.

सकाळी सुगंधा देवघरातून विचारत आली, “ओ, माझ्यो वाती खंय गेल्यो?”

“उंदरान नेल्यान.”

“वाती नेऊन उंदीर आरती करतलो काय?”

दुपारी कौस्तुभ आला, हातपाय धुऊन पानावर बसला. डाळीचा पहिला घास घेतल्यावर त्याचा चेहरा बदलला, पण पुण्याची शिस्त, दुसराही घास त्याने घेतला. फोडणी त्याच पळीतली होती. मग तो सहज म्हणाला, “बाबा, तुमची पडवी आज मोकळी करतो. सायकलीला गिऱ्हाईक मिळालंय. देवगडचे गुरुप्रसाद म्हणून आहेत, येतीलच आता.”

लवूने हातातला घास पानात परत ठेवला. रात्री खपून आपण ती सायकल दुसऱ्यासाठी सजवली, असं त्याला वाटलं, आणि रडू येईल की काय अशी भीती वाटून त्याने ताक मागितलं.

गुरुप्रसाद आला. देहाने भरभक्कम, बोलण्यात हुशार. टायर दाबून पाहिले, घंटी वाजवली आणि “जरा फिरवन बघतंय” म्हणत बसला. घरापुढच्या खळ्यातून खाली उतार आहे. उतार संपला की बेड्याच्या फाटकाशी रस्ता उजवीकडे वळतो, आणि समोर काशीबाईचं अंगण. गुरुप्रसाद उतारावरून झोकात निघाला. वळणावर त्याने हँडल उजवीकडे ओढलं. हँडल हललं नाही. त्याने जोर केला. राळेनेही केला. सायकल सरळ काशीबाईच्या अंगणात गेली आणि गुरुप्रसाद तिने उन्हात वाळत घातलेल्या आंब्याच्या रसाच्या साठांच्या परातीत जाऊन बसला.

“मेल्या, बसूक दुसरी जागा गावली नाय?” काशीबाईने विचारलं.

गुरुप्रसादला काही झालं नव्हतं, पण परात त्याच्यासोबतच उठली. ती सोडवून घेत तो कौस्तुभला म्हणाला, “सायकल वळणाच नाय. कोकणात सरळ रस्तो खंय आसा, ता तरी सांगा.” आणि पाठीमागून पिवळा होऊन तो निघून गेला.

कौस्तुभने सायकल परत आणली. हँडलाखाली बोट फिरवलं, वास घेतला, आणि तो वास त्याला ओळखीचा वाटला. जेवताना आला होता. सुगंधाकडून केसातली पिन मागून त्याने फटीत घातली, तर वात निघाली. मग दुसरी, तिसरी. सुगंधा प्रत्येक वात तळहातावर घेत गेली आणि नवऱ्याला ऐकू जाईल अशी मोजत गेली.

“हे कोणी भरलं, बाबा?” कौस्तुभने विचारलं.

लवूने घसा साफ केला. “सदर बाब अशी आहे की...” एवढं म्हणाला आणि कचेरीतलं मराठी तिथेच संपलं. “मीच रे. रोज सकाळी मी चलवतंय ती. बंदरार जातंय. पायऱ्यांवरसून उतरवलंय, म्हणान सैल झाली. तू घेवन जाशीत म्हणान राळ भरलंय.”

“तुम्ही चालवता?”

“माका आवडता ती. पण तू जावई. जावयाकडे मागूचा कसा?”

कौस्तुभने पिनेची राळ पुसून ती सुगंधाला परत दिली. मग म्हणाला, “मला वाटत होतं, तुम्हाला ह्या धुडाची अडचण होते. जावई म्हणून तुम्ही बोलत नाही. म्हणून तर घाईने गिऱ्हाईक शोधलं.”

सुगंधाने कपाळावर हात मारला आणि दोघांसाठी चहा टाकायला गेली, ती पळी लांब ठेवूनच.

कौस्तुभने गरम पाण्याच्या फडक्याने उरलेली राळ मऊ करून काढली, सगळं उतरवून पुसलं, ग्रीस लावलं. मग बाजूचे दोन बोल्ट ढिलेच ठेवून माथ्यावरचा बोल्ट थोडासा, अगदी थोडासा आवळला. ब्रेक दाबून हलवलं. आवाज नाही. हँडल फिरवलं, लोण्यासारखं फिरलं. ते चाकाशी सरळ धरून शेवटी बाजूचे बोल्ट घट्ट केले.

“आधी ढिलो, मगे घट?” लवूने विचारलं.

“बाजूच्यांनी दांडी पकडून ठेवली असेल तर वरचा कितीही आवळा, काही होत नाही.”

“ह्या होडयेत नसता,” लवू म्हणाला. हार मानण्याची त्याची हीच रीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे जामसंड्याच्या रस्त्याने पुढे सायकलवर लवू आणि मागे धावत जावई, अशी वरात निघाली. लवू गरज नसताना हँडल डावीकडे-उजवीकडे वळवून बघत होता. बंदराच्या अलीकडे त्याने मागे पाहिलं. जावयाची जीभ बाहेर आली होती. लवू उतरला आणि सायकल त्याच्यापुढे धरली.

“आता तू बस.”

“नको बाबा, बसा तुम्ही,” कौस्तुभ धापा टाकत म्हणाला. “आता ती तुमचीच आहे.”

लवूने सायकल एका हाताने सावरली. मग त्याने जावयाचा दंड धरला आणि त्याला सीटकडे ढकललं. “माझी आसा ना? मगे माझा ऐक, झिला, आणि बस.”