निखिलचा बावटा

परवा रविवारी सुनंदा माझ्याबरोबर कळंबच्या बीचवर आली. पाण्याकडे पाठ करून बसली, पण आली...

मी फारसं लिहीत नाही. हे अकाउंट निखिलनेच उघडून दिलं होतं. सायबर कॅफेत बसून टाइप करतोय, चुका असतील तर सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... निखिल माझा आणि सुनंदाचा मुलगा. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मित्रांबरोबर कळंबला पोहायला गेला होता. छातीएवढ्या पाण्यात असताना एका वॉटर स्कूटरची धडक बसली आणि तो गेला. त्याबद्दल आज एवढंच.

नंतर गावातल्या लोकांनी आणि स्कूटरवाल्यांनी मिळून पोहणाऱ्यांची जागा वेगळी करायचं ठरवलं. लांब दोरी आणली, तिला पाण्यावर तरंगणारे पांढरे बोये बांधले. मीही दर रविवारी नालासोपाऱ्याहून बसने जायला लागलो. काठावर उभं राहून लोकांना सांगायचं, दोरीच्या आत पोहा.

मला अनोळखी माणसांशी बोलायची सवय नाही. लोक मला बीचवरचा कर्मचारी समजायचे. एका गृहस्थांनी तर कपडे बदलायच्या खोलीची चावी मागितली...

पण दोरीला कोणी जुमानेना. गर्दी झाली की स्कूटरवाले सरळ बोयांवरून आत यायचे आणि विचारलं की म्हणायचे, "फेसात पांढरं काय दिसनार काका?" एकदा तर आईचा हात धरून उभ्या असलेल्या एका लहान मुलीच्या अगदी जवळून स्कूटर गेली.

कळंबला हरिश्चंद्रदादा मासेमारी करतात. त्यांची बायको भानूताई बीचवर सुकी मासळी आणि चहा विकते. तिने एकदा मला हाक मारली. "काका, ही दोरी कोनाची?"

मी म्हटलं, सगळ्यांची.

"मंग कोनाचीच नाय. म्हनून तिच्यावरून जातात."

तिने समुद्रात बोट दाखवलं. लांब पाण्यात बांबूवर कापडं फडफडत होती. जाळं टाकलं की ते कुठवर आहे हे कळायला टोकाला असा बावटा लावतात. कापड घरातलंच असतं... जुनी साडी, लुंगी, शर्ट. ते बघून कोणाचं जाळं हे गावाला लांबूनच कळतं. स्कूटर चालवणारी मुलंही गावातलीच. ती बावट्याला मोठा वळसा घालतात, कारण जाळं तुटलं तर संध्याकाळी घरापर्यंत भांडण येतं.

"ती निली साडी माझी. हाय कोनाची हिंमत जवल जायची?"

हरिश्चंद्रदादा मागून म्हणाले, "साडीला नाय घाबरत काका, हिला घाबरतात."

ठरलं असं, की दोरीच्या एका टोकाला भानूताईंची साडी लावायची. "दुसऱ्या टोकाला तुमच्या घरातलं काय ते द्या," ती म्हणाली. निखिलचं नाव तिने घेतलं नाही. मला समजलं.

त्याचा एक केशरी टी-शर्ट होता, सोसायटीच्या क्रिकेट टीमचा. सुनंदा त्याला म्हणायची, "अरे, रस्ता खोदणाऱ्यासारखा दिसतोस." त्यावर तो म्हणायचा, "पण आई, गर्दीत लगेच सापडतो की नाही?" त्या दिवशी पाण्यात जाताना त्याने तोच काढून वाळूवर ठेवला होता. साऱ्या गावाने तो पाहिला होता. भानूताईंनीच घडी घालून माझ्या हातात दिला होता.

सुनंदाने नाही म्हटलं. "खाऱ्या वाऱ्यात चिंध्या होतील त्याच्या." मी पुन्हा विषय काढला नाही. दोरीचं एक टोक तसंच राहिलं आणि त्या बाजूने स्कूटर येत राहिल्या.

शनिवारी संध्याकाळी माझ्या पिशवीजवळ तो टी-शर्ट दिसला. खालून बांबू जाईल एवढी जागा ठेवून बाकी शिवला होता. वारा भरून फाटू नये म्हणून बाह्याही शिवल्या होत्या. "मीपण येते," एवढंच ती म्हणाली.

रविवारी हरिश्चंद्रदादांनी होडीतून जाऊन टी-शर्ट चढवलेला बांबू दोरीच्या त्या मोकळ्या टोकाशी दगडाला बांधून सोडला. दुपारी भरती आली, गर्दी वाढली. दोरीच्या आत एक मुलगी ट्यूबमध्ये बसून पाय हलवत होती.

तेवढ्यात त्याच बाजूने स्कूटर आली, मागे गिऱ्हाईक बसवलेली. आवाज जवळ जवळ येत गेला. सुनंदाने मागे न बघता माझं मनगट धरलं...

स्कूटर चालवणाऱ्या मुलाने बावटा पाहिला. एकदम वेग कमी केला आणि जाळ्याला घालतात तसा लांबून वळसा घालून तो निघून गेला. ट्यूबमधल्या मुलीने मान वरसुद्धा केली नाही. तिला कळायचं काही कारणच नव्हतं.

आवाज लांब गेल्यावर सुनंदाने हळूच पाण्याकडे तोंड केलं. बराच वेळ बघत राहिली. "दिसतो की लांबून," म्हणाली.

निघताना हरिश्चंद्रदादा तिला जरा अवघडून म्हणाले, "ताई, उन्हापान्यात कापड टिकत नाय. दोनेक महिन्यांत दुसरं लागंल."

सुनंदा म्हणाली, "देईन. कपाट भरलेलं आहे अजून."

भानूताई, दादा आणि वळसा घालणारी ती मुलं, तुमचे आभार कसे मानायचे मला कळत नाही. आणि बाकी सगळ्यांना एकच सांगणं... कळंबला आलात, तर केशरी बावट्याच्या आत पोहा.