डग्लसला घरी नेऊ नका!

माझ्या कादंबऱ्या कुणाच्या लक्षात राहतील का, याची मला खात्री नाही. कधीच नव्हती. पण त्यांच्यापायी मुरुडात जे किस्से घडले ते मात्र दरवर्षी वाढतच गेले. कादंबरी लिहायला घाम गाळावा लागतो, किस्से फुकट साचतात!

कादंबऱ्या अशा : डग्लस नावाचा शापित घोडेस्वार, वाळूचा मुलूख, पिस्तुलं, शेरीफ आणि जोडीला चेटूक. त्याचा घोडा धुक्याचा, म्हणून नावही धुकं. डग्लस घरी पोचला की घोडा विरघळणार, हा शाप. त्यामुळे तीस भाग मी एकच काम केलं. त्याला घरी पोचू दिलं नाही.

*

मी वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट केलेला प्राध्यापक. घोड्यावर कधी बसलेलो नव्हतो. पहिला भाग लिहिताना वाटलं, लोक हसतील. म्हणून पुळणीवर पर्यटकांना घोड्यावरून फिरवणाऱ्या हबीबभाईंकडे गेलो. त्यांनी मला वर चढवलं. मी डोळे मिटून ओरडलो, "थांबवा! थांबवा त्याला!"

खालून हबीबभाई म्हणाले, "सर, तो उभाच हाय!"

*

पुस्तक आलं आणि हबीबभाईंनी आपल्या घोड्याचं नाव बदलून धुकं ठेवलं. घोडा चांगला तपकिरी. एका पुणेकर बाईंनी विचारलं, "धुकं? मग पांढरा का नाही?"

"पांढरा असता तर धुक्यात दिसला असता काय? बसा!"

बाई बसल्या.

*

वाचनालयाच्या सुलभाताईंची वेगळीच तऱ्हा. लोक आधी शेवट वाचतात म्हणून त्या प्रत्येक भागाचं शेवटचं पान काढून ड्रॉवरमध्ये ठेवत. पुस्तक परत आणायचं, मधलं कथानक तोंडी सांगायचं, मग पान मिळायचं.

एकदा मला पुढच्या भागासाठी जुना शेवट बघायचा होता. घरची प्रत कुणीतरी नेलेली.

"आधी मधलं सांगा," सुलभाताई म्हणाल्या.

मी सांगितलं. त्यांनी ड्रॉवर बंद केला.

"प्रोफेसर, नीट वाचून या!"

*

एकदा आगरदांड्याला एसटीत बसलो होतो. सुटायची वेळ टळली, ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला, तरी बेल नाही. कंडक्टर मागच्या सीटवर पुस्तकात डोकं घालून बसलेला.

"अहो, बेल मारा की!"

"जरा दम धरा! डग्लसला फाशी देतायत!"

अख्खी गाडी त्याच्याकडे बघत राहिली. मीही, लिहिलं मीच होतं तरी. शेवटी मासळीची टोपली घेतलेल्या एका म्हातारीने विचारलं, "सुटला काय रं?"

"सुटला."

"मग आता गाडी पण सोड!"

*

आता वय झालं. एकतिसावा भाग शेवटचा, असं मी गेल्या वर्षी जाहीर केलं. डग्लस घरी जाणार. दुसऱ्याच दिवशी हबीबभाई दारात.

"सर, त्याला घरी नेऊ नका. धुकं विरघळेल."

"हबीबभाई, तो कादंबरीतला घोडा."

"ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. माझ्या घोड्याला कुठं ठाऊक हाय?"

त्यांचा घोडा थकला होता. उन्हात उभा राहिला की पाय कापायचे. मी शिकलेला माणूस, पण शेवटचं प्रकरण वर्षभर लिहिलं नाही. प्रकाशकाला सांगितलं, तब्येत बरी नाही.

*

यंदा थंडीत एकदाचं ते प्रकरण लिहून काढलं. त्याच आठवड्यात हबीबभाईंचा घोडा गेला.

मी भेटायला गेलो. जाताना तीनदा मागे वळलो. हबीबभाई पडवीत बसले होते. मागे खुंटीवर लगाम टांगलेला.

"लिहिलंत?"

खोटं बोलता आलं नाही. कागद पिशवीतच होते.

"वाचा."

मी वाचलं. डग्लस घराच्या फाटकाशी पोचतो. ऊन वर येतं. घोडा एकदा मान हलवतो आणि विरघळतो. डग्लस आत जातो. समाप्त.

हबीबभाईंनी वळून खुंटीवरच्या लगामाकडे पाहिलं. मग म्हणाले,

"सर, घोडा विरघळला. लगाम तर खाली पडला असंल ना?"

"हो... पडला असेल."

"मग डग्लसला म्हणावं, उचलून ठेव. पुढच्या भागात लागंल."