तोकिएने उलटलेली पाटी

रात्रीतून ऐंशी सेंटिमीटर बर्फ पडला होता. सकाळी तोकिएला लिफ्टची खोली आधी फावड्याने उकरून काढावी लागली. मग तिने भिंतीवरचा फळा पुसला आणि नावांच्या अकरा लाकडी पाट्या खिळ्यांवर सरळ केल्या.

तोकिए अठ्ठावन्न वर्षांची. उन्हाळ्यात भातशेती, हिवाळ्यात स्कीवाल्यांना खुर्च्यांतून डोंगरावर नेणारी लिफ्ट. असे एकोणीस हिवाळे झाले. डोंगर लहान, लिफ्ट दोनच. पण हद्दीच्या दोराच्या पलीकडे देवदारांचं रान होतं, आणि तिथल्या कोऱ्या बर्फात स्की करायची मुभा गावातल्या अकरा जणांनाच होती. जाताना आपली पाटी पांढऱ्या बाजूने लावायची, परतल्यावर लाल. ज्याची त्याने. दुसऱ्याच्या पाटीला हात लावायचा नाही. दर हिवाळ्यात हे सगळ्यांना ऐकवायचं काम तोकिएचंच होतं.

इसाकू तरीही विसरायचा. पोस्टातून निवृत्त झालेला, एकाहत्तर वर्षांचा. मागच्या हिवाळ्यात तो रानातून परस्पर गावात उतरला. पाटी पांढरीच राहिली. सात माणसांनी दोन तास रान तुडवलं, आणि हा गरम पाण्याच्या कुंडात डोक्यावर रुमाल ठेवून गाणं म्हणत बसला होता. गावाने त्याला सळो की पळो करून सोडलं. त्याची बायको, हत्सुमीवहिनी, घरोघरी वाकून माफी मागत फिरली. तोकिएला ते बघवलं नव्हतं.

आज नऊ वाजता तो हसत म्हणाला होता, "तोकिए, आज विसरलो तर मला त्याच कुंडात बुडव."

अकराच्या सुमारास एक पिवळं जाकीट उपाहारगृहाकडे पाठमोरं जाताना तिला दिसलं. तसली जाकिटं गावात घरटी एक होती, इसाकूचंही तसंच, पण डावा खांदा झुकवून चालायची ती ढब तिला इसाकूचीच वाटली. फळ्यावर त्याची पाटी पांढरी. हा बाबा सुधारायचा नाही, असं ती पुटपुटली. दारात रांग लागली होती. तिने हात लांब केला आणि पाटी उलटली.

दीड वाजता तेच पिवळं जाकीट तिच्या दारात उभं राहिलं. आत सुतार मासाहारू होता.

"इसाकूदादा कुठंय? जेवायला येतो म्हणाला होता. त्याच्या वाट्याच्या शेवया पण मीच खाल्ल्या."

तोकिए फळ्याकडे वळली. अकरा वाजता तू खाली गेला होतास का, असं तिने विचारलं. तो हो म्हणाला. तिने कुंडावर फोन केला. सकाळपासून तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. घरी केला. वहिनी म्हणाली, असेल कुठेतरी गप्पा हाणत.

फळा पूर्ण लाल होता. म्हणजे इसाकूला कोणीही शोधणार नव्हतं.

पाटी पुन्हा पांढरी करायला क्षण पुरला असता. मासाहारू निघून गेला होता, बघणारं कोणी नव्हतं. तिची बोटं लाकडाला लागलीसुद्धा. पण अकरापासून ती लाल असल्याचं सगळ्यांनी पाहिलं होतं; शोधणारे धरून चालले असते की तो आताच परत वर गेलाय. ते दुपारच्या ताज्या खुणांमागे गेले असते, आणि सकाळच्या खुणा तर बर्फाने केव्हाच बुजल्या होत्या.

तिने बचाव पथकाच्या कुरोसेला वायरलेसवर गाठलं.

"कुरोसे, इसाकूदादा सकाळी नऊपासून रानात आहे. पाटी लाल आहे, पण ती मी उलटलीय."



"बरं," तो म्हणाला. "लिफ्ट चालू ठेवा."

चौघे वर गेले. बर्फ थांबायला तयार नव्हता. या उतारावर तो कधी सुटून येईल याचा नेम नसतो. एकाऐवजी पाच जण आत होते आता. रिकाम्या खुर्च्या एकामागून एक वर जात होत्या. प्रत्येकीवरचा बर्फ तोकिए झाडूने झाडत होती. हात थांबला की बर्फ सुटल्याचा आवाज ऐकू येईल, ही भीती होती.

पाऊण तासाने वायरलेसवर कुरोसेचा आवाज आला. देवदाराच्या बुंध्याशी पडलेल्या खड्ड्यात छातीपर्यंत गाडला गेलाय. श्वास चालू आहे. बोलत नाही.

रुग्णवाहिका येईपर्यंत वहिनी कोरडे कपडे घेऊन पोचली होती. कुरोसेने तिला एवढंच सांगितलं, की तोकिएताईंच्या लक्षात आलं म्हणून वेळेत सापडले. तो तोकिएकडे न बघता बोलला. वहिनी वळली आणि तोकिएपुढे कमरेतून वाकली. वाकलेलीच राहिली.

"वहिनी, वाकू नका. त्यांची पाटी मी उलटली होती. माझ्यामुळे अडीच तास गेले."

वहिनी सावकाश सरळ झाली. तिने तोकिएकडे पाहिलं. काहीतरी विचारणार असं वाटलं. मग तिने कपड्यांचं गाठोडं छातीशी धरलं आणि ती रुग्णवाहिकेत चढली. दार आतूनच ओढून घेतलं.